जुन्या ट्रॅक्टरचा रंग उतरवताना

जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दिसतो एक रंग, पण त्याखाली बहुधा चार-पाच असतात. कारखान्यातला मूळ थर, पहिल्या मालकाने दिलेला हात, विक्रीआधी घाईने मारलेला फवारा, खंडेनवमीच्या पूजेआधी ब्रशने फिरवलेला ऑइल पेंट असे सगळे एकावर एक साचलेले असतात. या ढिगावर नवा रंग चढवला तर त्याची पकड त्यातल्या सर्वांत दुबळ्या थराइतकीच राहते. खालचा थर सुटला की वरचा भारी रंगही पोपडा होऊन गळतो. दुसरी अडचण द्रावकांची. नव्या रंगातला थिनर जुन्या एनॅमलमध्ये झिरपतो, ते फुगवतो आणि तासाभरात नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर सुरकुत्या उठतात. त्या घासून काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून प्रत्येक ट्रॅक्टर लोखंडापर्यंत खरवडलाच पाहिजे, असे मात्र नाही. रंग धरून आहे का, हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. धारदार पात्याने उभे-आडवे ओरखडे मारून छोट्या चौकटी करायच्या, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्याने ओढायची. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर रंगाची पकड शाबूत आहे. असा रंग पॉलिश पेपरने घासून खरखरीत केला की पुढच्या थराला आधार पुरतो. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर मात्र सगळे उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. रंग कोणत्या जातीचा आहे, हे थिनरच्या बोळ्याने कळते. नायट्रोसेल्युलोज लॅकर विरघळून बोळ्याला लागते, जुने एनॅमल मऊ होऊन आक्रसते आणि हार्डनर घालून मारलेल्या नव्या पद्धतीच्या रंगावर फारसा परिणाम होत नाही.

कारखान्यातला मूळ रंग बऱ्यापैकी टिकून असेल, त्यावरची अक्षरे वाचता येत असतील, तर तो उतरवण्याआधी दहादा विचार करावा. ब्रिटन-अमेरिकेतले अनेक जाणकार संग्राहक झिजलेल्या अस्सल रंगाला चकचकीत नव्या रंगापेक्षा अधिक मान देतात आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. नवा रंग कधीही देता येतो. मूळ रंग एकदा गेला की गेला.

उतरवायचेच ठरले तरी आधी तो रंग वाचावा. बॉनेटच्या एका कडेला रुपयाएवढी जागा पाण्याच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, गोल गोल घासत नेली की मधोमध लोखंड उघडे पडते आणि त्याभोवती झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी रंगांची कडी उमटतात. सर्वांत आतले कडे प्रायमरचे, त्याबाहेरचे पहिल्या रंगाचे. उन्हापावसाने न विटलेली मूळ छटा हवी असेल तर ती बॉनेटच्या आतल्या बाजूला, डिझेल टाकीच्या पट्ट्यांखाली, मीटरच्या मागे किंवा नंबरच्या पट्टीखाली शोधावी. अशा एखाद्या जागेचा तुकडा न घासता राखून ठेवला तर रंगाच्या दुकानात छटा जुळवायला तोच खरा नमुना ठरतो. फोटोवरून रंग जुळवणे फसवे असते.

या वलयांवरून यंत्राचा इतिहासही उलगडतो. फोर्डसन मॉडेल एन हा ट्रॅक्टर 1933 पासून इंग्लंडमधल्या डॅगनमला तयार होई. 1937 मध्ये तो नारिंगी झाला आणि 1940 मध्ये, युद्धाच्या ऐन काळात, हिरवा. हिरव्याखाली नारिंगी सापडले तर ट्रॅक्टर हिरव्या काळाच्या आधीचा असण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने फार्मऑल ट्रॅक्टर 1936 मध्ये राखाडीचे लाल केले. फर्ग्युसन टीई-20 हा 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडला, तो राखाडी रंगात. पुढे 1958 मध्ये कंपनीचे नाव मॅसी फर्ग्युसन झाले. तोवर तिच्या ट्रॅक्टरांवर लाल रंग आला होता, त्यामुळे लाल फासलेले टीई-20 आजही भेटतात. लाल थराखालची राखाडी दिसली की गाडीचा खरा जन्म कळतो.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट धागा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-275 हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा ट्रॅक्टर. महिंद्राने हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि मुंबईच्या कांदिवलीत हेच मॉडेल बनू लागले. त्या पिढीतले लाल ट्रॅक्टर आज साठीला टेकले आहेत. कामात राहिलेल्या ट्रॅक्टरांवर दर काही वर्षांनी रंगाचा हात फिरत आला, म्हणून त्यांच्या अंगावर थर जास्त असतात.

रंगाला हात लावण्याआधी फोटो काढून घ्यावेत. अक्षरांची उंची, बॉनेटच्या कडेपासूनचे त्यांचे अंतर, कोणता बोल्ट रंगवलेला आणि कोणता उघडा, हे सगळे टिपावे. अक्षरांवर ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिलीने छाप घेणे सर्वांत भरवशाचे. नंबरची पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट काळजीपूर्वक काढून वेगळी ठेवावी. ब्लास्टिंगच्या, म्हणजे दाबाच्या हवेने मारलेल्या दाण्यांच्या, एका झोतात तिच्यावरचे आकडे पुसट होतात आणि आकडे गेले की ट्रॅक्टरची ओळख गेली.

त्यानंतर धुणे. या पायरीची घाई नंतर महागात पडते. मागच्या धुऱ्याच्या घरावर आणि गिअरबॉक्सवर माती, ग्रीस आणि सांडलेल्या ऑइलचा थर बोटभर जाड असतो. तो तसाच ठेवून घासणी किंवा ब्लास्टिंग केले तर ग्रीस लोखंडात आणखी दाबले जाते. बीड म्हणजे ओतीव लोखंड सच्छिद्र असते. त्याने शोषलेले ऑइल नवा रंग दिल्यावर, उन्हात तापल्यावर, डागांच्या रूपाने वर येते. म्हणून आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडावा, मग डिझेल किंवा रॉकेल लावून भिजू द्यावे, शेवटी डीग्रीझर आणि गरम पाण्याने धुवावे. डिझेल हा शेवटचा हात कधीच नसावा, कारण त्याचा स्वतःचा तेलकट थर मागे राहतो. जोराच्या पाण्याचा फवारा डायनॅमो, सेल्फ स्टार्टर आणि एअर क्लीनरवर मारू नये. तापलेल्या डिझेल पंपावर थंड पाणी पडले तर पंपाचे बाहेरचे घर आक्रसते आणि आतले अतिशय नेमक्या मापाचे भाग जाम होतात.

रंग उतरवण्यातला सर्वांत गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या रंगात शिसे असते. देवळातल्या मारुतीला तेलात कालवून जो शेंदूर लावतात, तो शिशाचाच ऑक्साइड. हाच शेंदूर जवसाच्या तेलात घोटून लोखंडावरचा पहिला हात म्हणून जगभर वापरला गेला, कारण गंज रोखण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे होते. वरच्या थरांतही शिसे असे. त्या काळचे कितीतरी पिवळे आणि नारिंगी रंग लेड क्रोमेटचे, आणि त्यात निळा मिसळून केलेले हिरवेही. नंतर रूढ झालेला रेड ऑक्साइड प्रायमर दिसायला शेंदराच्या जवळपास असला तरी तो लोहाचा ऑक्साइड, म्हणजे गेरूचाच सख्खा. नजरेने दोघांत फरक करायला जाऊ नये. तपासणीचे तयार बोळे मिळतात, शिसे असेल तर ते गुलाबी-लाल होतात. बोळा नसेल तर जुन्या रंगात शिसे आहे असे धरूनच काम करावे.

शिसे पोटात जाते ते धुळीतून आणि हातांतून. कोरडी घासणी केली की बारीक धूळ श्वासात जाते. त्याच हातांनी तंबाखू मळली, विडी ओढली किंवा भाकरी मोडली की शिसे थेट तोंडात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून घासणी ओली करावी, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लावावा, कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. गोठ्याजवळ तर हे काम करूच नये. गुरांना जुना रंग चाटायची सवय लागते, आणि उकिरड्यावर टाकलेले पोपडे किंवा जुनी बॅटरी चाटून जनावरे दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नेहमीची आहेत. खाली ताडपत्री अंथरावी, पोपडे ओले करून गोळा करावेत, बंद डब्यात भरावेत आणि घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडेच द्यावेत. शेतात, ओढ्यात किंवा चुलीत त्यांना जागा नाही. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे तिथली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

आता प्रत्यक्ष उतरवणे. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात हवी: पद्धत ट्रॅक्टरप्रमाणे ठरत नाही, भागाप्रमाणे ठरते. बिडाच्या गिअरबॉक्सला जे चालते ते बॉनेटच्या पत्र्याचे वाटोळे करते आणि पत्र्याला जे चालते ते अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकते.

बिडाचे भाग दणकट. इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्स, मागचे घर यांवर तारेचा ब्रश, खरवडणी आणि सुयांचा हातोडा म्हणजे नीडल स्केलर हे सगळे चालते. ग्राइंडरला तारेचा वाटी-ब्रश लावून काम झपाट्याने होते, पण त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, तेव्हा ब्रशवर छापलेली वेगमर्यादा त्याहून जास्त असलीच पाहिजे. सुटलेली तार सुईसारखी अंगात घुसते, म्हणून साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लागते. दुसरी गोष्ट रंगाच्या पकडीची. तारेचा ब्रश लोखंड चकाकवतो आणि चकाकलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग नीट धरत नाही, त्यामुळे त्यानंतर 80 नंबरच्या पॉलिश पेपरचा हात द्यावा लागतो. ग्राइंडरचा फ्लॅप डिस्क बिडावर फिरवण्याचा मोह टाळावा. ओतकामाच्या वाळूचा खडबडीतपणा, साच्याच्या जोडाची रेघ, ओतकामाच्या तारखेचे उठावाचे आकडे हे सगळे तो सपाट करतो. आकर्षक दिसावे म्हणून घासघासून आरशासारखा केलेला गिअरबॉक्स त्या काळच्या कारखान्यातून कधीच बाहेर पडला नव्हता.

बॉनेट, मडगार्ड, मीटरची पाटी हे पत्र्याचे भाग सुटे करूनच घ्यावेत. त्यांच्यासाठी पेंट रिमूव्हर उत्तम. जाड थर ब्रशने एकाच दिशेने लावायचा, वर प्लास्टिकचा कागद पसरून तो सुकू द्यायचा नाही, आणि रंग फुगून सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढायचा. साचलेले पाच-सहा थर एका खेपेत निघत नाहीत, दोन-तीनदा करावे लागते. रिमूव्हर कोणता, हे मात्र डबा वाचूनच ठरवावे. जुन्या प्रकारात मिथिलीन क्लोराइड असते. ते 40 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे उन्हाळ्यात विदर्भात सावलीतही त्याची वाफ होत राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद जागेत काम करताना माणसे दगावल्यामुळेच अमेरिकेने घरगुती वापराच्या रिमूव्हरमध्ये या द्रव्यावर 2019 मध्ये बंदी घातली. बेन्झाइल अल्कोहोलचे रिमूव्हर मंद आहेत, कधी रात्रभर ठेवावे लागतात, तरीही तेच पसंत करावेत. रंग निघाल्यावर पत्र्याच्या दुमडींत आणि जोडांत अडकलेला रिमूव्हर पूर्ण धुतला गेला पाहिजे. राहिला तर तो महिन्याभराने नव्या रंगाखालून बाहेर येतो.

कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात जुने तेलाचे रंग अक्षरशः साबण बनून सुटतात, आणि पोलादी रिमसारख्या सुट्या भागांसाठी ही स्वस्त पद्धत आहे. पण अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त त्यात विरघळतात आणि हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाऊ शकते. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये.

गंज आणि रंग दोन्ही एकदम काढायचे असतील तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने काम होते. प्लास्टिकच्या पिंपात भाग बुडवून तो बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि धन टोकाला भंगारातल्या लोखंडी पट्ट्या. रात्रभरात गंज सैल होतो आणि रंग पापुद्र्यांसारखा सुटतो. भागाचे लोखंड झिजत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतो. हायड्रोजन सुटत असल्याने पिंप उघड्यावर ठेवावे. तारा हाताळण्याआधी चार्जर बंद करावा, कारण एक ठिणगी पुरेशी असते.

हीट गनने रंग मऊ करून खरवडता येतो, पण शिशाचा रंग फार तापला तर धूर होतो. ब्लो लॅम्पची ज्योत टाळावीच, आणि इंधनाच्या टाकीजवळ यातले काहीही नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

राहिले ब्लास्टिंग. योग्य हातांत ही सर्वांत सुबक पद्धत आहे आणि चुकीच्या हातांत सर्वांत विध्वंसक. पहिला प्रश्न दाण्याचा. नदीची वाळू फुटून तिची सिलिकाची धूळ होते, ती फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगमधली वाळू 1949 च्या नियमांनीच बंद केली. गार्नेट, काचेचे मणी, कॉपर स्लॅग असे पर्याय उपलब्ध असताना वाळू वापरण्याचे कारण उरलेले नाही. पत्रा वाकतो तो दाबामुळे. दाण्यांचा मारा पत्र्याची एक बाजू ठोकून ताणतो आणि मोठे सपाट बॉनेट लाटेसारखे होते. ते पुन्हा सरळ करणे डेंटिंगच्या कसलेल्या कारागिरालाही अवघड. पत्र्यावर दाब 30-40 पीएसआयच्या वर नेऊ नये, नळी तिरपी धरावी आणि एका जागी थांबू नये. बिडाला 80-90 पीएसआय चालतो. खाण्याच्या सोड्याचे ब्लास्टिंग पत्र्याला आणि अ‍ॅल्युमिनियमला मानवते, मात्र ते गंज काढत नाही, आणि मागे उरलेली पांढरी भुकटी नीट धुतली नाही तर नवा रंग उचलला जातो.

जोडलेल्या ट्रॅक्टरवर ब्लास्टिंग करायचे असेल तर प्रत्येक भोक, श्वासनळी, ऑइल सील, धुऱ्याचे टोक, इंजेक्टर, रेडिएटरची जाळी लाकडी ठोकळ्यांनी आणि जाड रबराने बंद करावी. साधी चिकटपट्टी त्या माऱ्यात टिकत नाही. इंजिनात गेलेले मूठभर दाणे बेअरिंगचा सत्यानाश करायला पुरतात. शक्यतो उघडे इंजिन ब्लास्टिंगला नेऊच नये.

उघडे झालेले लोखंड फार वेळ थांबत नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात तासाभरात त्यावर केशरी छटा चढते. हातांच्या घामाचे ठसेही गंजतात, म्हणून स्वच्छ हातमोजे घालावेत. रंगाच्या उद्योगातला नियम असा की हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर नसावी आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त असावे. पहाटे दव पडत असताना मारलेला प्रायमर ओल्या लोखंडावर बसतो. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांवर ठेवावे.

खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण चोळले तर गंज लोह-फॉस्फेटमध्ये बदलतो. लावल्यावर ते धुऊन पूर्ण सुकवावे लागते. टॅनिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर गंजाला निळसर काळे करतात. हिरड्याच्या काढ्याचा थेंब लोखंडी पळीवर काळा पडतो ती हीच क्रिया, कारण हिरड्यातही टॅनिनच असते. पोचे आणि खळगे भरायची लांबी ही शोषक असते, तिच्याआधी उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमरचा हात असलेला बरा.

प्रायमरआधी बोल्टच्या आट्यांत आणि भोकांत अडकलेले दाणे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकावेत, यंत्राने घासलेल्या जोडाच्या तोंडांवर पट्टी लावावी आणि सगळे अंग मेणतेल काढणाऱ्या द्रावकाने दोन फडक्यांनी पुसावे. एक ओले, दुसरे लगेच मागोमाग कोरडे. एकाच फडक्याने पुसले तर तेल इकडचे तिकडे होते, आणि सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर प्रायमरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. दुसरे फडके फिरवल्यावर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, पहिला हात पडलेला असावा.